मसाल्याला आखडता हात

दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या केप वसाहतीच्या पाककृती मी रांधते, शिकवतेही. शिकवताना अर्धा वेळ मराठी हात आवरण्यातच जातो.

बोबोटीचंच घ्या. परतलेला कांदा, खिमा, दुधात भिजवून पिळलेला पाव, करी पावडर, लिंबाचा रस नाहीतर व्हिनेगर, थोडी साखर, चार बदाम. हे सगळं भांड्यात दाबून बसवायचं, लिंबाची पानं सुरळी करून त्यात उभी खोचायची, वरून अंडं-दूध फेटून ओतायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. यादी वाचून होते न होते तोच कुणीतरी लसूण सोलायला घेतं, कुणी गरम मसाला शोधतं. घाला की! खिमा फक्कड होईल, बोबोटी होणार नाही. इथे आंबट-गोड पुढे चालतं, मसाला मागून येतो. (हल्ली जर्दाळूचा जॅम इतका ओततात की मागून यायला काही उरतच नाही.) आच मंदच हवी. आच वाढली की वरचा थर फुटतो, पाणी सुटतं. मधोमध किंचित थरथरत असतानाच भांडं बाहेर काढावं. उरलेलं अंगच्या उष्णतेवर बसतं.

हिल्डागोंडा डकिट या डार्लिंगजवळच्या ग्रूट पोस्ट शेतावरच्या. त्यांचं पाककृतींचं पुस्तक १८९१ साली निघालं, आणि अशा पदार्थांसाठी आजही तेच आधी उघडलं जातं. पण ही चव एकट्या मालकिणींची नव्हे. डच कंपनीनं १६५२ मध्ये केपला ठाणं वसवलं आणि पुढे जावा, बंगाल, मलबार, मादागास्करहून माणसं गुलाम करून आणली. चुलीपाशी तीच राबली. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षं त्यांना सोडलं नाही. मसाल्याचं हे तारतम्य त्यांच्या हातचं. पुस्तकावर नाव मात्र डकिटबाईंचं.

हिरव्या अंजिराच्या कॉन्फेटला, म्हणजे पाकात मुरवलेल्या फळाला, तर मसाला जवळजवळ नाहीच. तिथे काम चुन्याचं. कच्ची, टणक अंजिरं घ्यायची, साल हलकेच खरवडायची, बुडाशी सुरीनं फुली मारायची आणि रात्रभर चुन्याच्या निवळीत ठेवायची. चुन्यातलं कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून पाकात उकळूनही फळाचा लगदा होत नाही. कोहळ्याचा पेठा करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. सकाळी पाणी बदलत धुवायचं, मग साध्या पाण्यात काडी सहज शिरेपर्यंत शिजवायचं. इथे घाई नको, कारण कच्चं राहिलेलं अंजीर पाकात गेल्यावर मऊ होत नाही. पाकही सुरुवातीला पातळच हवा. घट्ट पाक फळातलं पाणी ओढून घेतो आणि अंजीर सुरकुततं. आटवणं सावकाश, फळ काचेसारखं दिसू लागेपर्यंत.

पाकात आल्याचा एक ठेचलेला तुकडा पुरतो. वेलचीचा डबा त्या दिवशी मी ओट्यावर ठेवतच नाही.