पेशन्सचा डाव

दिवाळीचे पाहुणे पांगले, की मी पत्त्यांचा कॅट काढून एकटाच पेशन्स लावीत बसतो. घरच्यांच्या मते हा निव्वळ आळस. मी त्यांना स्टॅनिस्लाव उलम यांचा दाखला देतो.

१९४६ साली हे गणिती मेंदूच्या जिवावरच्या दुखण्यातून उठत होते. विरंगुळ्याला कॅनफील्ड नावाचा पेशन्स खेळताना त्यांच्या मनात आले, हा डाव सुटण्याचा संभव किती? हिशेब काही केल्या जमेना. मग वाटले, हिशेब हवाच कशाला? शंभर डाव लावावेत आणि सुटतील तेवढे मोजावेत! हीच युक्ती न्यूट्रॉनांना लागू पडेल हे त्यांनी ताडले, आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४७ च्या मार्चात एका पत्रात तिची सारी आखणी केली. नाव पडले माँटे कार्लो. उलम यांचे एक काका तिथे जुगाराला जाण्यासाठी नातलगांकडून पैसे उसने घेत म्हणे!

न्यूट्रॉन म्हणजे मोठे लहरी पोर. कोणत्या अणुगर्भावर आपटेल, तिथे गिळला जाईल, उसळेल, की गर्भ फोडून आणखी दोन-तीन भावंडे बाहेर काढील, सारे दैवाधीन. म्हणून प्रत्येक वळणावर सोडतीसारखा एक आकडा काढायचा आणि तो दाखवील ती वाट त्याला द्यायची. अशा हजारोंच्या कुंडल्या मांडल्या, की घोळक्याची चाल कळते.

पदार्थ तापलेला असला म्हणजे मात्र पंचाईत. अणुगर्भ स्वतःच थरथरत असतात. युरेनियम २३८ ला काही ठराविक वेगांचे न्यूट्रॉन गिळायची विशेष हौस. थरथरीमुळे ती हौस पसरट होते आणि एरवी निसटले असते असे न्यूट्रॉनही त्याच्या तावडीत सापडतात. म्हणून इंधन तापले, की अणुभट्टीचा जोर आपोआप ओसरू लागतो. तापट माणसांना ही सोय का नसावी, कोण जाणे!

स्फोटात तर पदार्थ फुगत धावत सुटतो. मग तो निमिषभर थिजला असे मानायचे, तेवढ्यात न्यूट्रॉन पळवायचे, त्यांनी ओतलेली उष्णता मोजायची, पदार्थ थोडा सरकवायचा आणि पुन्हा न्यूट्रॉन सोडायचे.

१९४८ मध्ये एनिअ‍ॅक यंत्रावर हे डाव प्रथम लागले. त्यासाठीच्या आज्ञा रचण्यात क्लारा फॉन नॉयमन यांचा मोठा हात होता. हिशेब होता बॉम्बचा. आजाऱ्याच्या विरंगुळ्यातून निघालेल्या युक्तीला पहिली चाकरी मिळाली ती ही! आणि पत्ते तिथेही होतेच : भोके पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे, एकेक कार्ड म्हणजे एकेक न्यूट्रॉन.