झाकणाआडचे काम : महागड्या घड्याळांचे सर्व्हिसिंग आणि पुराव्याचा प्रश्न

यांत्रिक मनगटी घड्याळ सर्व्हिसिंगहून परत आले की काच लखलखीत दिसते, पट्टा स्वच्छ झालेला असतो, काटे फिरत असतात. परंतु ज्या कामाचे पैसे मोजलेले असतात ते सगळे मागच्या झाकणाआड झालेले असते आणि ते झाकण उघडून पाहण्याचे साधन किंवा कसब ग्राहकाकडे नसते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या घरात रोलेक्स किंवा ओमेगा असेल, तर ते सर्व्हिसिंगसाठी सहसा मुंबई-पुण्याच्या सेवा केंद्राकडे किंवा ओळखीच्या घड्याळजीकडे सोपवले जाते, आणि परत येताना त्याच्यासोबत बिलाखेरीज काही येत नाही. घड्याळ महिन्याभरात मागे पडू लागले की दोष कारागिराच्या हाताला दिला जातो. तो बऱ्याचदा खराही असतो, मात्र निकृष्ट काम खपून जाते त्याचे मोठे कारण हे की झालेल्या कामाचे मोजमाप कोणी मागत नाही.

पूर्ण सर्व्हिसिंग याचा अर्थ मशीन, म्हणजे चाके, मुख्य कमान आणि बॅलन्स यांची सगळी यंत्रणा, केसमधून बाहेर काढून तिचा प्रत्येक भाग सुटा करणे, धुणे, भिंगाखाली त्याची झीज तपासणे, झिजलेले भाग बदलणे, ठरलेल्या जागी ठरलेले तेल देऊन मशीन पुन्हा जुळवणे आणि निरनिराळ्या स्थितींत त्याची चाल तपासणे असा आहे. आजच्या बहुतेक स्विस ऑटोमॅटिक मशीनमधला बॅलन्स, म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे झुलणारे चाक, तासाला २८,८०० म्हणजेच दिवसाला ६,९१,२०० ठोके देतो. असे घड्याळ रोज १० सेकंद पुढे गेले, तरी दिवसाच्या ८६,४०० सेकंदांच्या हिशेबाने त्याची अचूकता ९९.९८ टक्क्यांहून अधिक भरते. आणि स्वित्झर्लंडमधली कोस्क ही संस्था क्रोनोमीटरचे प्रमाणपत्र देताना मशीन १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासून सरासरी दैनिक फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असावा असे सांगते. इतक्या काटेकोर यंत्राला ‘चालतंय ना, मग झालं’ हा निकष पुरत नाही.

ढिलाई सर्वांत लवकर भोवते ती तेलात. बॅलन्सच्या आसाचे टोक साधारण दशांश मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असते आणि ते कृत्रिम माणकाच्या खड्यात फिरते. त्या खड्यावर तेलाचा इवलासा थेंब गोल आणि जागच्या जागी राहावा लागतो. तेल जास्त झाले तर ते केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीतून द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणधर्माने, बाजूच्या धातूवर पसरते आणि जिथे ते हवे तीच जागा कोरडी पडते, म्हणून ‘भरपूर ऑइलिंग’ केलेले घड्याळ काही वेळा न केलेल्याहून लवकर झिजते. शिवाय सगळीकडे एकच तेल चालत नाही: वेगाने फिरणाऱ्या चाकांना पातळ, जोर पेलणाऱ्या मंद चाकांना दाट, तर ऑटोमॅटिक घड्याळाच्या मुख्य कमानीच्या डबीला आतून वेगळेच ग्रीस लागते. या डबीत कमान पूर्ण भरल्यावर तिचे बाहेरचे टोक भिंतीवरून थोडे घसरावे अशी योजना असते. चुकीच्या ग्रीसमुळे ते लवकर घसरले तर घड्याळ हातातून काढून ठेवल्यावर पहाटेच बंद पडते, आणि मुळीच घसरले नाही तर बॅलन्स गरजेपेक्षा जास्त झोका घेऊन आपटू लागतो आणि घड्याळ एकदम पुढे पळते. ग्राहकाला ही दोन्ही लक्षणे ‘घड्याळ बिघडले’ अशी एकसारखीच वाटतात.

मशीन न उघडता, न धुता, केवळ चाल कमीजास्त करणारी दांडी सरकवूनही घड्याळाची वेळ काही दिवस बरोबर दाखवता येते. म्हणून सर्व्हिसिंगची खरी कसोटी वेळेपेक्षा बॅलन्सच्या झोक्याच्या कोनात असते. पूर्ण चावी दिलेले निरोगी घड्याळ तबकडी वर ठेवून तपासले असता हा कोन साधारण २७० ते ३१० अंश भरतो, आणि कमान उतरत जाते तसा तो कमी होतो. ठोक्यांचा आवाज ऐकून हे मोजणारे टायमिंग मशीन बहुतेक दुकानांत असते. तथापि त्यात घड्याळानुसार एक आकडा, ज्याला लिफ्ट अँगल म्हणतात, आधी भरावा लागतो. रोलेक्सच्या ३१३५ मशीनसाठी तो ५२ अंश, तर ओमेगाच्या ८५०० या को-अॅक्सियल मशीनसाठी ३८ अंश असतो. मोजलेला कोन या आकड्याच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ओमेगाचे मशीन ५२ वरच ठेवून तपासले, तर प्रत्यक्षात २०० अंशांवर दमलेले घड्याळ पडद्यावर २७४ अंशांचे धडधाकट दिसते. मोजमापही कसे केले हे लिहून घ्यावे लागते, ते यामुळे.

बाहेरून दिसणाऱ्या चुकांत सर्वांत न भरून येणारी चूक पॉलिशची असते. हुपरीच्या चांदीला किंवा गुजरीतल्या दागिन्याला चकाकी आली की काम चांगले झाले असे मानले जाते. घड्याळाच्या केसवर मात्र काही पृष्ठभाग मुद्दाम सरळ रेघांचे, काही आरशासारखे आणि त्यांच्यामधली कड धारदार ठेवलेली असते, आणि सरसकट बफिंग केल्यावर ती कड गोलावते, पट्टा अडकवण्याचे कान बारीक होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. झाकणाच्या खाचेवर घसरलेल्या हत्याराचे ओरखडे, चुकीच्या पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने फाटलेली स्क्रूची डोकी, काचेखाली राहिलेला धागा किंवा मध्यरात्र सोडून भलत्याच वेळी बदलणारी तारीख या खुणाही काम घाईत झाल्याचे सांगतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात आणखी एक त्रुटी उघडी पडते: झाकण आणि चावीजवळच्या रबरी कड्या न बदलता, दाबाखाली तपासणी न करता घड्याळ परत दिले, तर पहिल्याच जोरदार सरीनंतर काचेवर आतून धुके धरते.

असे काम वाढण्यामागे कसबाचा खंडही आहे. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि चावीच्या त्या घड्याळांवर गावोगावच्या घड्याळजींचा हात बसला. पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली, १९८४ मध्ये टायटन स्थापन झाली, आणि घड्याळजीचे काम हळूहळू सेल टाकण्यावर आणि पट्टा बदलण्यावर आले; एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. यांत्रिक घड्याळ चैनीची वस्तू म्हणून परतले तेव्हा ते खोलणाऱ्यांची नवी पिढी पुरेशी घडलेली नव्हती. त्याच सुमारास स्वॉच समूहाने स्वतंत्र घाऊक विक्रेत्यांना सुटे भाग देणे थांबवले. युरोपातल्या स्वतंत्र दुरुस्तीकारांच्या महासंघाने अशा धोरणांविरुद्ध २००४ मध्येच तक्रार केली होती, परंतु २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने ती फेटाळणारा निर्णय कायम ठेवला. परिणामी कुशल स्वतंत्र कारागिरालाही जुन्या घड्याळांतून काढलेल्या किंवा पर्यायी भागांवर भागवावे लागते, आणि ग्राहकाला ते सांगितले जाईलच असे नाही.

यावरचा उपाय राजारामपुरीला परका नाही. शेजारच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उतरलेला भाग मायक्रोमीटरने मोजला जातो, आणि मोठ्या कारखान्याला माल पाठवताना त्यासोबत तपासणीचा अहवाल द्यावा लागतो. घड्याळाच्या जॉब कार्डवर तसेच सहा तपशील मागता येतात: सर्व्हिसिंगपूर्वीची व नंतरची चाल आणि झोक्याचा कोन, वापरलेला लिफ्ट अँगल, बदललेल्या भागांची यादी, ते भाग मूळ की पर्यायी, दाब तपासणीचा निकाल आणि केसला पॉलिश करायचे की नाही याबद्दलची लेखी सूचना. बदललेले जुने भाग परत मागणे आणि घड्याळ देण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवणे हेही त्यातच येते.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निकृष्ट काम ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकते, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येत असल्यामुळे मुंबईच्या सेवा केंद्राविरुद्धही कोल्हापुरात तक्रार करता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची असते. तथापि घड्याळ देताना आणि घेताना त्याची स्थिती काय होती, हे तक्रारदाराला दाखवावे लागते, आणि नुसत्या बिलावरून ते दाखवता येत नाही. हा तपशील लेखी द्यायला जो दुरुस्तीकार सुरुवातीलाच नकार देतो, त्याच्याकडे घड्याळ न सोपवणे हा ग्राहकाच्या हातातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.