भिंतीमागची विद्या

कोणता धंदा हलका आणि कोणता भारदस्त, हें ठरविण्याचें आपल्या पांढरपेशा घरांतील माप मोठें चमत्कारिक असतें. परदेशच्या कचेरींत बसून मुलगा नक्की काय करतो, हें कोणी विचारीत नाहीं. परंतु तोच कचेरी सोडून हातांत पाना घेतो म्हटल्यावर आप्तांत कुजबुज सुरू होते.

आमचा पुतण्या अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत असतो. यंत्रविद्येचा पदवीधर. तीन वर्षांपूर्वीं त्याची नोकरी गेली, तेव्हां शिल्लक गोळा करून आणि वर कर्ज काढून त्यानें मोटारी धुण्याचें चार गाळ्यांचें एक जुनें ठिकाण विकत घेतलें. ही वार्ता पुण्यास येतांच आमचे वडील बंधू एवढेंच म्हणाले, "लोकांच्या गाड्या धुवायला का याला इंजिनियर केला?" त्या दिवसापासून पितापुत्रांतील संभाषण थांबलें. गेल्या हिवाळ्यांत मी तिकडे गेलों तो, खरें सांगावयाचें तर, या दोघांमधील वकील म्हणूनच.

वाचकांनीं प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, अशा ठिकाणीं मालक गाडी धूत नाहीं. गिऱ्हाईक आपली मोटार गाळ्यांत उभी करतें, पैसे भरतें, भिंतीवरील खटका फिरवून साबण, फेसाचा ब्रश, स्वच्छ पाणी किंवा मेण यांपैकीं हवें तें निवडतें आणि हातांतील नळीनें स्वतःच गाडी धुतें. मालकाची खरी परीक्षा भिंतीमागील खोलींत असते. थंडींत रस्त्यावरचें बर्फ वितळावें म्हणून तिकडे मीठ टाकतात. तें मीठ गाडीच्या तळास चिकटून लोखंड खातें. म्हणून बर्फानंतर ऊन पडलें कीं गाळ्यांपुढें रांगा लागतात. कमाईचे मोठे दिवस तेच.

नेमक्या त्याच दिवसांत पूर्वीच्या मालकाची मांडणी दगा देई. त्यानें एका पाऊण इंची नळासच चार फांटे काढले होते. एक गाळा चालू असे तोंवर सर्व ठीक. चारी चालू झाले कीं चौघेहि तहानलेले! येथील प्रत्येक पंप पाण्यास दर चौरस इंचास सुमारें १००० पौंडांचा दाब देतो. अशा पंपास मागून पुरेसें पाणी मिळालें नाहीं, तर त्याच्या पोटांत वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात आणि धातूस खड्डे पाडतात. शिवाय एक सांधा गळला, कीं दुरुस्तीसाठीं चारी गाळे बंद ठेवावे लागत.

पुतण्यानें ती सर्व मांडणी उपटून स्वतःच्या हातांनीं नवी केली. या मांडणीस तिकडे 'मॅनिफोल्ड' म्हणतात. म्हणजे एक मोठा नळ आणि त्यास फुटलेले अनेक फांटे. पाणीपुरवठ्याच्या खात्यांत तीस वर्षें काढलेला मी, कौतुकानें पाहत राहिलों. फांटे पाऊण इंची ठेवून मुख्य नळ त्यानें दीड इंची घेतला होता. व्यास दुप्पट झाला कीं क्षेत्रफळ चौपट होतें. म्हणजे चारी फांट्यांची बेरीज आणि मुख्य नळ यांचा हिशेब बरोबर जुळतो. प्रत्येक फांट्यास वेगळी झडप आणि सहज सुटणारा सांधा होता. साबणाचें पाणी उलट फिरून स्वच्छ पाण्यांत शिरूं नये म्हणून एकाच दिशेनें उघडणारी दुसरी झडपहि होती. गोठल्यावर पाण्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें आणि नळ फुटतात. याकरितां कडाक्याच्या रात्रीं प्रत्येक नळींतून बारीक धार वाहती राहील, अशीहि योजना होती.

एका शनिवारीं तिसऱ्या गाळ्याचा सांधा गळूं लागला. बाहेर गाड्यांची रांग होती. पुतण्यानें शांतपणें एक झडप फिरविली, सांधा सोडविला, नवी चकती बसविली. उरलेले तीन गाळे चालूच होते. "काका, तुम्ही खात्यांत असतांना सांगत होतां ना, एका घराच्या दुरुस्तीसाठीं साऱ्या आळीचें पाणी तोडूं नये?" तो हंसून म्हणाला.

त्या रात्रीं मीं दादांना सविस्तर पत्र लिहिलें आणि नळांची आकृतीहि काढून धाडली. पाण्याची वाटणी ही हलकी विद्या कधींच नव्हती, हें त्यांत मुद्दाम लिहिलें. इसवी सन ९७ मध्यें रोमचा पाणीपुरवठा ज्याच्या हातीं आला, तो फ्राँटिनस पूर्वीं कॉन्सल आणि ब्रिटनचा सुभेदार होऊन गेलेला पुरुष. त्यानें कोणाचा नळ किती रुंद असावा याचीं मापें देणारा ग्रंथ लिहिला. आणि आपल्या पुण्यांत अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत भूमिगत नळ आणविले, तें काम कमीपणाचें आहे असें कोणास वाटलें काय?

दादा जन्मभर गणित शिकविणारे. पेशवे आणि रोम यांचा त्यांच्यावर किती परिणाम झाला, हें मला ठाऊक नाहीं. पण आकृतींतील दीड इंच आणि पाऊण इंच त्यांनीं बारकाईनें पाहिले असले पाहिजेत. आठ-दहा दिवसांनीं त्यांनीं होऊन मुलास फोन केला. ख्यालीखुशालीचा शब्द नाहीं; एकदम विचारलें, "घर्षणाचा हिशेब धरलास का रे? पांचवा गाळा काढलास तर दीड इंच पुरेल का?"

मुलगा अर्धा तास हिशेब सांगत होता, आणि बाप ऐकत होता.