बंद दारामागचा भूप

बॉथेलचा पाऊस, रविवारचा चहा, आणि लेकाच्या खोलीतून यंत्रांचा धडधडाट! "बंद कर ते," असे आम्ही ओरडणार, तोच त्यातून चक्क भूप ऐकू आला.

रेकॉर्ड होती चरणजित सिंग यांची, १९८२ साली एचएमव्हीने काढलेली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या मुंबईकराने रोलंडच्या तीन यंत्रांवर एकट्याने दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तेव्हा फारसे कुणी विचारले नाही. २०१० साली हॉलंडमध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर कौतुक झाले. २०१५ साली ते मुंबईतच वारले.

१९८२ साली आम्ही दादरला शाळेत होतो. नावही ऐकले नव्हते. आणि इथे लेकाला गाण्याच्या क्लासला ओढत नेऊन म्हणायचो, "याला रागांची गोडीच नाही."

आता दार वाजवून आम्हीच विचारतो, "आज कोणता राग रे?"