फडाच्या कडेला

केंद्र सरकारच्या नोकरांनी कसे वागावे यासंबंधी १९६४ साली जे नियम झाले, ते ज्यांनी रचले त्यांना मराठी माणसाची चांगली पारख असावी, असे आम्हांला नेहमी वाटते. मराठी माणसाची जीभ ज्या तीन विषयांवर विशेष चालते, त्या तिन्हींची तजवीज त्यांत करून ठेवलेली आहे. पाचव्या नियमाने राजकारण बंद. पक्षाचे सभासदत्व नाही, प्रचार नाही. सोळाव्या नियमाने सट्टा बंद. समभाग प्रसंगविशेषी घेता येतात, पण वरचेवर घेणे-विकणे हा सट्टाच समजला जातो. राहता राहिले खेळ. पंधराव्या नियमाने खेळण्यास मुभा आहे, मात्र ती हौशी म्हणून. तात्पर्य, या तिन्ही क्षेत्रांत आमच्यासाठी जागा एकच उरते, आणि ती प्रेक्षकाची. त्यातून नववा नियम असा की प्रेक्षकानेही सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू नये. तेव्हा आठव्या नियमाला अनुसरून येथेच सांगून टाकतो की या लेखातील मते आमची स्वतःची आहेत, सरकारची नव्हेत. सरकारची मते याहून पुष्कळच आशावादी असतात.

सक्तीच्या प्रेक्षकाला संशयाची बाधा लवकर होते. आमच्या कचेरीत दुपारचे डबे उघडले की कोणत्याही विषयाचा शेवट एकाच वाक्याने होतो : ‘सब सेटिंग है!’ निवडणूक असो, क्रिकेटचा सामना असो, शेअर बाजाराची पडझड असो, किंवा जानेवारी २०२५ मध्ये घोषित झालेला आठवा वेतन आयोग असो, हे वाक्य सर्वत्र चालते. ते उच्चारणाऱ्याला काही सिद्ध करावे लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला आपण फसलो नाही असे वाटून बरे वाटते. आम्हीही स्वभावाने संशयीच. गीतेने संशयात्म्याचे भवितव्य काय सांगितले आहे ते ठाऊक असूनही आमचा स्वभाव पालटला नाही. परंतु या घाऊक संशयाशी आमचे काही जमत नाही, आणि त्याचे कारण कऱ्हाड तालुक्यातील जत्रांत आहे.

आमच्याकडे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड भरतो. हलगी वाजू लागते, पंच फेटे सावरतात, आणि इनामाच्या रकमेचा पुकारा होतो. लहान पोरांच्या कुस्त्या आधी आणि मोठ्या इनामाची जोड शेवटी. आता या शेवटच्या जोडीतच कधीकधी घोटाळा असे. दोन्ही पैलवानांनी इनाम वाटून घेण्याचे आधीच ठरवलेले असे, आणि मग अर्धा-अर्धा तास नुसती खडाखडी चाले. हिला नुरा कुस्ती म्हणतात. आमच्या लहानपणी ती ओळखायला फडाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांना फारसा वेळ लागत नसे. मान कशी दिली, पकड कोठे सैल सोडली, हे ते पाहत. नुरा दिसली की हुर्यो उठे आणि पंचांना कुस्ती सोडवावी लागे. मात्र खरी कुस्ती लागली की हेच म्हातारे सदऱ्याच्या खिशातून नोटा काढून हरलेल्या पोरालाही देत. सगळ्याच कुस्त्या नुरा असतात, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. तसे म्हणणारा माणूस उन्हात तीन-तीन तास बसलाच नसता.

दिल्लीतील बैठक वेगळी आहे. येथे फड दिसत नाही, इनामाचा आकडा मात्र दिसतो. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे एका सामन्याला सुमारे ११८ कोटी. याच दिल्लीत १९८३ साली विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला द्यायला क्रिकेट मंडळाजवळ पैसे नव्हते, म्हणून लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवावा लागला. त्यातून सुमारे वीस लाख जमले आणि प्रत्येक खेळाडूला एक एक लाख मिळाले. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षपदी नागपूरचे एन. के. पी. साळवे होते, आणि ते काँग्रेसचे पुढारी होते. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘पूर्वी खेळात राजकारण नव्हते’ असे म्हणण्याची आपल्या पिढीला एक गोड खोड आहे. मुंबईच्या क्रिकेट मैदानाला ज्यांचे नाव आहे ते बॅरिस्टर शेषराव वानखेडे विधानसभेचे अध्यक्ष होते. राजकारणी तेव्हाही होतेच. फरक इतकाच की तेव्हा तिजोरी रिकामी होती.

तिजोरी भरल्यावर सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. २०१३ च्या सामना-निश्चिती प्रकरणानंतर न्यायमूर्ती लोढा समिती बसली आणि तिच्या शिफारशी न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये मान्य केल्या : मंत्र्यांनी मंडळाचा पदाधिकारी होऊ नये, आणि एका राज्याला एकच मत असावे. या दुसऱ्या शिफारशीने महाराष्ट्रावर मोठाच प्रसंग गुदरला. आपली मते तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. २०१८ साली ती तिन्ही परत मिळाली. परमुलखात चार मराठी घरांमागे दोन मंडळे काढणाऱ्या आमच्या बांधवांना तीन हा आकडा संयमाचाच वाटेल!

पैशाचे आणि राजकारणाचे नाते मात्र इतके हसण्यावारी नेण्यासारखे नाही. लोकसभेच्या उमेदवाराने मोठ्या राज्यात ९५ लाखांपेक्षा अधिक खर्च करू नये, अशी मर्यादा आहे. त्याच्या पक्षाने किती करावा याला मर्यादा नाही. हे म्हणजे घराच्या पुढच्या दाराला कुलूप घालून मागची भिंतच न बांधण्यासारखे झाले. पक्षांना देणग्या देण्यासाठी २०१८ पासून स्टेट बँकेतून निवडणूक रोखे मिळत. देणाऱ्याचे नाव मतदाराला कळू नये, ही त्यांची रचना. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि पुढच्या महिन्यात याद्या बाहेर आल्या. सर्वांत मोठा खरेदीदार निघाला तो लॉटरीचा धंदा करणारी एक कंपनी. रोखे १,३६८ कोटींचे. आम्ही ती यादी रात्री उशिरापर्यंत पाहत बसलो होतो. आमच्या खात्यात कोणा निरीक्षकाने दिवाळीला मिठाईचा डबा घेतला तर तेरावा नियम जागा होतो.

खेळावर पैसे लावण्याची कथा तर ताजीच आहे. भारतीय संघाच्या सदऱ्यावर २०२३ पासून ‘ड्रीम-इलेव्हन’ हे नाव होते. तीन वर्षांचा करार, ३५८ कोटींचा. कागदावरचा संघ निवडा, पैसे लावा. हा जुगार नव्हे, कौशल्य आहे, असा युक्तिवाद असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या रकमेवर सरकारने २८ टक्के कर घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे असे सर्वच ऑनलाइन खेळ बंद केले आणि छातीवरचे नाव उतरले. म्हणजे जे दोन वर्षे करपात्र होते ते एका आठवड्यात वर्ज्य ठरले. बंद झाले हे बरेच झाले. त्या दोन वर्षांच्या कराविषयी बोलू लागलो असतो, पण नववा नियम आठवला.

आमच्या शाखेतील एक तरुण सहकारी मात्र क्रिकेट सोडून वायदे बाजाराकडे वळला होता. तेथेही मोबाइल तोच, अंगठाही तोच. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले : या वायदे व्यवहारांत उतरलेल्या शंभर सामान्य माणसांपैकी ९३ जणांना तीन वर्षांत तोटा झाला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. आम्ही तो कागद त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, “सर, उरलेले सात कोण असतील?” पुढे त्याने कर्जासाठी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात घरदुरुस्ती लिहिले होते. ‘सब सेटिंग है’ हे वाक्य आमच्या शाखेत सर्वांत अधिक वेळा तोच म्हणत असे, ही गोष्ट आम्हांला तेव्हा फार चमत्कारिक वाटली. ज्याला सर्वच डाव ठरलेले वाटतात तो डावात पैसे का लावतो? अलीकडे वाटते की म्हणूनच लावतो. खरेखोटे निवडण्याचे कष्ट एकदा सोडले की नशीब तेवढे उरते.

हा प्रश्न आमच्या घरात आला तो दाजींच्या दूरध्वनीतून. आक्काचा थोरला मुलगा सोळा वर्षांचा. त्याला कोल्हापूरच्या तालमीत राहून कुस्ती करायची होती. दाजी म्हणाले, “पाव्हणं, तुम्ही दिल्लीला असता. आतलं तुम्हांसनी ठावं. पोराला घालावं का तालमीत? का तितं समदं ठरल्यालंच असतंय?” दिल्लीत राहणाऱ्या कारकुनाला आतले सर्व ठाऊक असते, ही समजूत गावाकडे पक्की आहे. आम्हांला ठाऊक होते ते बाहेरचेच. मे २०२३ मध्ये कचेरीतून जंतरमंतरवरून जाताना विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया यांना आम्ही रस्त्याच्या पलीकडून पाहिले होते. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर महिला कुस्तीगीरांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. निदर्शनांसाठी सातवा नियम आहे, म्हणून पलीकडून. २८ मे रोजी नव्या संसदभवनाचे उद्घाटन होत असताना पोलिसांनी त्यांना उचलून नेले. तेव्हाही डब्यांभोवती तेच वाक्य ऐकू आले. २०२४ च्या ऑक्टोबरात विनेश हरियाणाच्या विधानसभेवर निवडून आल्या तेव्हा ते वाक्य म्हणणारांना आपण जिंकल्यासारखे झाले.

पण या दोन तारखांच्या मध्ये पॅरिस आहे. तोवर आंतरराष्ट्रीय आखाड्यात कधीही न हरलेल्या जपानच्या युई सुसाकीला विनेशने ६ ऑगस्ट २०२४ रोजी हरवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वजन ५० किलोहून शंभर ग्रॅम अधिक भरले. अंतिम कुस्ती गेली, पदक गेले. कोट्यवधींचे इकडचे तिकडे होणाऱ्या या जगात शंभर ग्रॅमला कोणी सवलत दिली नाही. आम्हांला त्या दिवशी वाईट वाटले, रागही आला. तरी दाजींना काय सांगावे याचा विचार करताना तो काटाच पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येई. सुसाकी हरली ती कोणाच्या सांगण्यावरून हरली नव्हती.

तसाच एक काटा आम्ही स्वतः हाताळला आहे. २५ मे २०२४ रोजी दिल्लीत लोकसभेचे मतदान झाले तेव्हा आमची नेमणूक केंद्रावर होती. ऊन असे की खिडकीची सळई हातात धरवेना. सायंकाळी यंत्र बंद करून झालेल्या मतांची संख्या नमुना १७-सी मध्ये भरली, परस्परविरोधी पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या, प्रती दिल्या. मतदाराला केंद्रापर्यंत काय सांगून आणले, कोणाच्या पैशाने आणले, याची खात्री आम्ही देणार नाही. पण त्या कागदावरचा आकडा खरा होता.

आणि खाशाबा जाधव तर आमच्या तालुक्याचे. गोळेश्वर कऱ्हाडपासून अगदी जवळ. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. त्यांनी पुढे पोलिसांत नोकरी केली, निवृत्तिवेतनासाठी झगडले, आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर दीड दशकाने आला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. सौभाग्यवती आणि आम्ही एकदा ते पाहायला गेलो. तिने विचारले, “आणि खर्डेकरांचे नाव कुठे आहे?”

दाजींना आम्ही सांगितले की पंच कसे निघतील, महासंघ कोणाच्या हातात असेल, नोकरी लागेल की नाही, यांपैकी कशाचीही हमी नाही. पोराची मान मजबूत आहे का, ते वस्तादांना विचारा. वस्ताद म्हणाले, आहे. आक्का तरीही राजी नव्हती. तिची काळजी पैशाची होती, आणि ती रास्तच होती. दूध, तूप, बदाम यांत पगारदाराचाही पगार जातो. तेव्हा खुराकाचा अर्धा वाटा आमच्याकडे आला. सौभाग्यवतीने त्यासाठी महिन्याच्या जमाखर्चात वेगळी ओळ काढली आहे, आणि तिच्यावर ‘खर्डेकर’ असे लिहिले आहे.

भाचा आता कोल्हापुरास असतो. दर रविवारी सकाळी वजन करून तो आम्हांला कळवतो. गेल्या रविवारी ते ५५ किलो ४०० ग्रॅम होते.