लाइन रिकामी, तरी फायली रांगेत

नागपूरच्या आमच्या शाखेत जुने कागद स्कॅन होतात. प्रत्येक पानाची वेगळी फाइल, साधारण 100 केबीची. त्या मुंबईच्या सर्व्हरवर एसएमबी शेअरमध्ये जमा व्हायच्या, पण काम संपून ऑपरेटर घरी गेले तरी कॉपी चालूच असायची. शाखेचं म्हणणं एकच, लाइन वाढवा. 50 एमबीपीएसची 100 केली. काडीचाही फरक पडला नाही. आलेख पाहिला तर लाइन बहुतेक वेळ मोकळीच.

शेवटी वायरशार्क लावून एकाच फाइलच्या मागे लागलो. आधी 445 पोर्टवर टीसीपीचा हँडशेक. मग निगोशिएट, म्हणजे एसएमबीची कोणती आवृत्ती वापरायची ते ठरवणं. मग सेशन सेटअप, तोही दोनदा. एनटीएलएम या लॉगिनच्या पद्धतीत सर्व्हर पहिल्यांदा ‘मोअर प्रोसेसिंग रिक्वायर्ड’ असं कळवतो आणि दुसऱ्यांदा आत घेतो. मग ट्री कनेक्ट, म्हणजे शेअरला जोडणं. एवढं झाल्यावर फाइल उघडली, लिहिली, बंद केली आणि लगेच ट्री डिस्कनेक्ट, लॉगऑफ. पुढच्या पानासाठी पुन्हा हँडशेकपासून सुरुवात! अपलोडचं सॉफ्टवेअर दर पानाला नवं सेशन उघडत होतं.

पिंग 20 मिलिसेकंद. वरच्या सगळ्या पायऱ्या मिळून सर्व्हरकडे जाण्या-येण्याच्या दहा फेऱ्या. शिवाय कोरं कनेक्शन सुरुवातीला जेमतेम दहा पॅकेटं सोडतं, म्हणून लिहिण्यातच आणखी दोन-तीन फेऱ्या जातात. पानामागे अडीचशे मिलिसेकंद गेले. 30 हजार पानांना दोन तासांहून जास्त. तोच 3 जीबी डेटा जुन्या लाइनवरसुद्धा आठ-दहा मिनिटांत जायला हवा. आणि पिंग पैसे मोजून हवा तितका कमी होत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो; नागपूर-मुंबई 800 किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन 8 मिलिसेकंद लागणारच. म्हणून फेऱ्याच कमी करायला हव्या होत्या.

सॉफ्टवेअर कंपनीला कॅप्चर पाठवून दोनच गोष्टी मागितल्या: सेशन एकदाच उघडा आणि दिवसभर तेच वापरा, एकामागून एक न पाठवता आठ-दहा फायली एकदम सोडा. एसएमबी 2 मध्ये एका कनेक्शनवर उत्तराची वाट न पाहता अनेक विनंत्या पाठवता येतात, ही सोय वापरलीच जात नव्हती. त्यांनी बदल केला. आता शेवटचं पान स्कॅन झालं की काही मिनिटांत मुंबईला दिसतं. सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमधली लॉगिनच्या नोंदींची गर्दीही संपली.

लाइन पुन्हा 50 ची करून घेतली.