लेझर झालं, पण प्रेशर?

मंडळी, आज रस्ता-पाणी नाही, आज डोळे. लेझर करून घेतलं की काचबिंदूचा विषय मिटला, असं आपल्या तालुक्यात बरेच जण धरून चालतात. माझ्या दोन्ही डोळ्यांचं लेझर होऊन दोन वर्षं झाली. तरी मी रोज रात्री थेंब टाकते आणि दर चार महिन्यांनी प्रेशर मोजायला एसटीने जिल्ह्याला जाते. लेझरनंतरही हे का करावं लागतं, आणि त्यासाठी जिल्ह्यालाच का जावं लागतं, एवढ्याच दोन प्रश्नांवर ही पोस्ट आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

डोळ्याचं प्रेशर आणि बीपी या दोन वेगळ्या गोष्टी. बीपी नॉर्मल असलेल्या माणसाचंही डोळ्याचं प्रेशर वाढलेलं असू शकतं. डोळ्याच्या आत सतत थोडं पाणी तयार होतं (अश्रू नव्हेत, हे आतलं). ते बाहुलीतून पुढे येतं आणि डोळ्यातला रंगीत पडदा समोरच्या पारदर्शक काचेला जिथे मिळतो, त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जातं. या कोपऱ्यालाच डॉक्टर अँगल म्हणतात. काही जणांचा अँगल जन्मापासून चिंचोळा असतो. माझ्यासारखा लहानपणापासून प्लसचा चष्मा असेल तर डोळाच आकाराने छोटा, पुढे जागा कमी. वय वाढतं तसं आतलं भिंग जाड होतं आणि पडद्याला पुढे ढकलतं. मोरीच्या जाळीवर पायपुसणं सरकून बसावं, तसं होतं. पाणी तुंबतं आणि प्रेशर वाढतं. साधारण १० ते २१ हा आकडा नॉर्मल धरतात. माझं पहिल्यांदा मोजलं तेव्हा उजव्यात ३० आणि डाव्यात २८ होतं.

त्याआधी वर्षभर संध्याकाळी कपाळ ठणकायचं आणि ट्यूबलाईटभोवती रंगीत कडं दिसायचं. घरीदारी सगळ्यांचं एकच निदान, पित्त. मी कोकम सरबत पीत होते आणि आत नस दाबली जात होती.

लेझर म्हणजे काय, हे कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. भरती नाही, भूल म्हणजे फक्त थेंब. आधी बाहुली बारीक करणारं औषध घालतात, त्याने भुवई चांगलीच दुखते. मग मशीनवर हनुवटी टेकवायची, टक टक आवाज येतो आणि पंधरा मिनिटांत बाहेर. रंगीत पडद्याला वरच्या बाजूला एक बारीक भोक पाडतात, म्हणजे मागे अडकलेल्या पाण्याला पुढे यायला दुसरी वाट मिळते. पडदा थोडा मागे बसतो आणि कोपरा मोकळा होतो. अचानक प्रेशर चढून डोळा लाल होणं, उलट्या, एका रात्रीत नजर जाणं, हा मोठा धोका त्याने बराच कमी होतो. लेझर करावं की नाही असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर, डॉक्टर करा म्हणत असतील तर घाबरू नका.

पण भोक पाडल्याने जाळी नवी होत नाही. पडदा वर्षानुवर्षं जाळीला घासलेला असतो, कुठे कुठे चिकटलेला असतो. तेवढा भाग बंदच राहतो. लेझरनंतर महिन्याने माझं प्रेशर २५ आलं. थेंब सुरू झाल्यावर आता १६-१७ वर आहे. म्हणजे माझ्या नजरेची राखण त्या अडीच मिलीच्या बाटलीकडे आहे. एकदा गेलेली नस परत येत नाही. मोतीबिंदू काढला की दिसायला लागतं, काचबिंदूत तसं नाही. आहे ते टिकवायचं.

या थेंबांनी काही बरं वाटत नाही, हीच खरी अडचण. डोकेदुखीची गोळी घेतली की कळतं. इथे घातले काय आणि नाही घातले काय, त्या दिवशी काहीच फरक नाही. म्हणून माणसं सोडून देतात. माझ्या ओळखीच्या एका काकांनी लेझरनंतर "आता बरं आहे" म्हणून बंद केले. वर्षभराने गाडी चालवताना बाजूने आलेली सायकल दिसेना. तरी समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ ते घडाघडा वाचतात. काचबिंदू आधी कडेची नजर खातो, मधली शेवटी.

आता सार्वजनिक भाग. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. चांगलीच गोष्ट. पण आपल्याकडे डोळ्याचा विभाग म्हणजे मोतीबिंदू. शिबिराच्या फ्लेक्सवर ऑपरेशनचा आकडा लागतो, नेत्यांचे फोटो लागतात. माझी त्याला हरकत नाही, त्या ऑपरेशनांनी शेकडो म्हाताऱ्यांना दिसायला लागलंय. पण शिबिरात बॅटरी मारून आणि तक्ता वाचून घेऊन काचबिंदू सापडत नाही. प्रेशर मोजावं लागतं, डोळ्यावर छोटी आरशाची काच टेकवून अँगल बघावा लागतो, मागची नस तपासावी लागते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात प्रेशरचं मशीन आहे, पण मी तीन वेळा गेले आणि तीनही वेळा "बंद आहे". थेंबांचं विचारलं तर "बाहेरून घ्या". बाहेर माझी बाटली साडेतीनशेच्या पुढे. महिन्याला एक, तीही आयुष्यभर. फुले योजनेचा भर भरती आणि ऑपरेशनवर, रोजच्या थेंबाचं बिल तिथे कुणी घेत नाही. म्हणजे नस गेल्यावर ऑपरेशनला सरकार आहे, नस वाचवायला नाही! मजुरीवर जाणारी बाई हे कसं पेलणार?

मेडिकलवाल्या दादांनाही एक विनंती. डोळा लाल झाला की चिठ्ठीशिवाय जे थेंब दिले जातात, त्यातल्या कित्येकांत स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून लोक तीच बाटली मागतात, महिनोन् महिने घालतात. स्टेरॉईडने प्रेशर चढतं, आणि ज्याला आधीच काचबिंदू आहे त्याचं जास्त. (लेझरनंतर मलाही असे थेंब होते, पण मोजून आठवडाभर आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.) तसंच सर्दीच्या काही गोळ्या आणि पोटात मुरडा आला की देतात त्यातल्या काही गोळ्या बाहुली मोठी करतात. चिंचोळ्या अँगलला ते नको असतं. लेझर झालेल्यांनाही ते चालेल का, हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर आहे. डॉक्टरांना विचारा. मी तर औषधाच्या फाईलवर पहिल्या पानावर लाल पेनने "अँगल चिंचोळा" असं लिहून ठेवलंय.

"मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू" असं अजूनही घरोघरी म्हणतात. पिकणारं भिंग फुगतं आणि आधीच अरुंद असलेली जागा आणखी अडवते. आपला अँगल असा असेल तर "पिकू द्या" हे ऐकून घरी बसू नका. उलट भिंग काढल्यावर पुढची जागा मोकळी होते, त्यामुळे काही जणांना डॉक्टर तेच लवकर सुचवतात.

हे घराण्यात चालतं, म्हणून मी धाकट्या भावाला ओढत नेलं. त्याचाही अँगल अरुंद निघाला, पण प्रेशर १५ आणि नस चांगली. त्याला लेझर करून टाका म्हणून मीच मागे लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं, घाई नाही. चीनमध्ये ग्वांगझूला अशा ८८९ लोकांच्या एका डोळ्याला लेझर केलं, दुसरा तसाच ठेवला, सहा वर्षं बघितलं. २०१९ मध्ये निकाल छापून आला. लेझर केलेल्या १९ डोळ्यांत त्रास वाढला, न केलेल्यांपैकी ३६ मध्ये. फायदा आहे, पण न केलेल्यांतही बहुतेकांना काही झालं नाही. म्हणून त्याला दरवर्षी तपासणी, आणि त्रास झाला तर लगेच यायचं. पण दरवर्षी तपासणी म्हणजे परत जिल्हा, परत रोज बुडवणं, परत ते बंद मशीन.

थेंब टाकणाऱ्यांसाठी थोडं. एकच थेंब पुरतो. घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबा, औषध घशात उतरत नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. दमा असेल तर टिमोलॉल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगाच. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलेलं असेल तर लोडशेडिंगच्या दिवसांत दोन बाटल्यांचा साठा करू नका. लॅटॅनोप्रॉस्टने पापण्यांचे केस लांब होतात. भाची विचारते, मावशी कुठलं काजळ?

येत्या मंगळवारी रुग्ण कल्याण समितीकडे अर्ज देतेय. मागण्या तीनच. प्रेशरचं मशीन दुरुस्त करून आठवड्यातला एक ठरलेला दिवस, काचबिंदूच्या किमान दोन थेंबांचा कायम साठा, आणि प्रत्येक डोळ्यांच्या शिबिरात चाळिशीपुढच्या सगळ्यांचं प्रेशर मोजणं. अर्जाची प्रत दुकानात ठेवलीय, तहसीलसमोर, सकाळी दहा ते सात. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांनी सही करून जा, आणि दवाखान्यातून "बाहेरून घ्या" म्हणून लिहून दिलेली चिठ्ठी असेल तर झेरॉक्सला घेऊन या. त्या झेरॉक्सचे पैसे नाहीत.